बिगर गावची सँड्रा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग पाहुणे. लेकीचा फोन आला की ती विचारायची, "आई, ब्लॉग बंद केलास का?" बंद केला नाही गं. डोक्यात एक विषय घोळत होता आणि तो कागदावर येत नव्हता. आज येतोय का बघू.

विषय तसा आपल्या कुणाच्याच ओळखीचा नाही. कॅनडातल्या एका खेळाडू बाईची हकिकत आहे आणि तीही अशा खेळाची, ज्याचं नाव आपल्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी ऐकलेलं नसेल. कर्लिंग. कर्लिंग म्हटल्यावर मला आधी केस कुरळे करायचं यंत्र आठवलं होतं, त्यामुळे तुम्हालाही तसंच वाटलं तर लाजू नका.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा मी लेकीकडे काढला. ती कॅनडात रेजायना नावाच्या शहरात असते. सस्कॅचवान प्रांताची ही राजधानी. थंडी म्हणाल तर उणे तीस. दाराबाहेर पाऊल टाकलं की नाकातला श्वास गोठल्यासारखा वाटतो. महाबळेश्वरला शाल घेणारे आपण, तिथे काय निभाव लागणार! मी बहुतेक वेळ घरातच असे. पण आठवड्यातून दोनदा नातीला पोहायच्या वर्गाला न्यायचं असे आणि लेक मला हट्टाने बरोबर न्यायची. बाहेर बर्फ आणि आत कोमट पाण्याचा तलाव! काचेआड बाकावर बसून मी नातीचे हातपाय मारणं बघायचे.

त्या इमारतीवर एका बाईचं नाव होतं. 'सँड्रा श्मर्लर लेझर सेंटर'. मास्तरीण म्हटल्यावर चौकशी करायची सवय जात नाही. आपल्याकडे इमारतीला नाव म्हणजे एकतर पुढारी किंवा देणगीदार. म्हणून मी जावयांना विचारलं, "या बाई कोण? मंत्री होत्या का?" ते हसले. म्हणाले, "नाही आई. त्या इथेच नोकरीला होत्या."

म्हणजे जिथे बाई पगारी नोकरी करत होती, त्याच इमारतीला तिचं नाव! आता मात्र मला स्वस्थ बसवेना. त्या हिवाळ्यात मग वाचनालयातून पुस्तकं आणून, शेजारच्या आजीबाईंना विचारून, जुन्या सामन्यांच्या फिती बघून मी तिच्याबद्दल जमेल तेवढं गोळा केलं. ते तुम्हाला सांगते.

आधी खेळ समजून घेऊ. कॅरम खेळलात ना? तोच गुळगुळीत पृष्ठभाग, तीच सोंगट्यांना टक्कर. फक्त बोर्डाच्या जागी सुमारे १५० फूट लांब आणि १५ फूट रुंद बर्फाची पट्टी, आणि स्ट्रायकरच्या जागी वर मूठ असलेला चाळीस-बेचाळीस पौंडांचा ग्रॅनाइटचा दगड. आपल्या भाषेत सांगायचं तर अठरा-एकोणीस किलो, जवळजवळ दळणाचा एक भरलेला डबा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बर्फात वर्तुळं आखलेली असतात, सगळ्यात मोठं १२ फूट व्यासाचं. त्याला म्हणतात 'हाउस', म्हणजे घर. आपला दगड त्या घराच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. प्रतिपक्षाचा तिथे असेल तर त्याला धक्का मारून बाहेर काढायचा. संघात चार जणी, प्रत्येकीला दोन दगड, असे एका डावात एका संघाचे आठ. डाव संपला की मध्याच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच गुण. प्रतिपक्षाच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड आत, तितके गुण. असे दहा डाव. बरोबरी झाली तर जादा डाव.

गंमत पुढेच आहे. बर्फ आरशासारखा सपाट नसतो. त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून मुद्दाम खरखरीतपणा आणलेला असतो. दगड सोडताना मुठीला किंचित पीळ दिला की तो जाता जाता वळतो. म्हणून तर खेळाचं नाव कर्लिंग. आणि दगड चालला असताना संघातल्या दोघी त्याच्यापुढे ब्रश घेऊन बर्फ घासत धावतात! घासल्याने दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे हातातून सुटलेल्या दगडाचंही भवितव्य थोडंसं दुसऱ्यांच्या हातात असतं.

पहिल्यांदा मी सामना बघितला तेव्हा पलीकडच्या टोकाला उभी असलेली कॅप्टन (तिला 'स्किप' म्हणतात) गळा काढून ओरडत होती, "हरी! हरीऽऽ!" मी चकित. म्हटलं, ही गोरी बाई हरिनाम घेतेय की काय! लेक हसून लोळायची बाकी राहिली. ते इंग्रजी 'हरी', लवकर लवकर घासा म्हणून. पण खरं सांगू, मला आजही ते हरिनामच ऐकू येतं. दगड सुटला की माणूस दुसरं करणार तरी काय?

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर लोक दगड सरकवत. १५११ साल कोरलेला एक जुना दगड तिथे जपून ठेवला आहे. स्कॉटिश लोक कॅनडात गेले ते हा खेळ घेऊन गेले. माँट्रियलचा कर्लिंग क्लब १८०७ सालचा, म्हणजे आपल्याकडे दुसरा बाजीराव पेशवा गादीवर होता तेव्हाचा! पुढे सस्कॅचवानसारख्या गव्हाच्या मुलखात या खेळाने मूळच धरलं. कारण उघड आहे. सहा महिने जमीन बर्फाखाली. शेतकऱ्याला काम नाही. मग गावोगावी एक लाकडी शेड, आत बर्फाच्या दोन-चार पट्ट्या. आपल्याकडे जशी प्रत्येक गावात तालीम, तशी तिथे कर्लिंगची शेड. म्हातारे, पोरं, बायका, सगळेच खेळणार.

अशाच एका गावात ११ जून १९६३ रोजी सँड्रा जन्मली. गावाचं नाव बिगर. हो, बिगर! मला इतका आनंद झाला. आपल्या लहानपणी पहिलीच्या आधी 'बिगरी' असायची, आठवतं ना? गावकरी स्वतःच्या नावावर विनोद करतात. न्यूयॉर्क मोठं असेल, पण हे त्याहून मोठं, अशा अर्थाची पाटी गावाच्या वेशीवर आहे. इंग्रजीत बिगर आणि 'जास्त मोठं' यांचा उच्चार एकच, म्हणून ती गंमत. वस्ती म्हणाल तर जेमतेम दोन-अडीच हजार!

तीन बहिणींत सँड्रा धाकटी. शाळेतच खेळायला लागली आणि १९८१ साली तिच्या शाळेच्या संघाने प्रांताची शालेय स्पर्धा जिंकली. मग सस्कॅचवान विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची पदवी, मग रेजायनाला नोकरी आणि तिथल्या कॅलडोनियन क्लबातून खेळ. १९८७ साली ती दुसऱ्या एका स्किपच्या हाताखाली तिसऱ्या क्रमांकाची खेळाडू म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यानंतर तिने स्वतःचा संघ बांधला. तिसरी जॅन बेटकर, दुसरी जोन मॅककस्कर, पहिली मार्शा गुडराईट. ही चार नावं लक्षात ठेवा, कारण या लेखाचा जीव त्यांच्यात आहे.

१९९३ साली ब्रँडन गावी या चौघींनी कॅनडाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि जिनिव्हाला जाऊन जगज्जेतेपदही आणलं. १९९४ साली पुन्हा तेच, या वेळी जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला. दोन वर्षं गेली आणि १९९७ मध्ये तिसऱ्यांदा राष्ट्रीय आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्नला तिसऱ्यांदा जागतिक. तिन्ही वेळा चौघी त्याच.

आता 'करिअर' हा शब्द आपण फार वापरतो. खेळाडूचं करिअर म्हटलं की कोट्यवधी रुपये, जाहिराती, विमानं डोळ्यांपुढे येतात. या बायकांचं तसं काही नव्हतं. सँड्रा त्या पोहण्याच्या केंद्रात कामावर होती. जोन तर चक्क शाळेत शिकवणारी, म्हणजे आमच्याच पंथातली. मार्शा संगणकाच्या क्षेत्रातली. दिवसभर नोकरी, संध्याकाळी बर्फ, सुट्ट्या साठवून स्पर्धा. घरी नवरे आणि मुलं. या संघाची तिकडे लोकांना जी आपुलकी, ती यामुळेच. आपल्या गल्लीतली बाई जगज्जेती झाली असं त्यांना वाटे.

१९९८ साली जपानमधल्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये कर्लिंगला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं. त्याआधी १९८८ आणि १९९२ मध्ये ते नुसतं प्रदर्शनापुरतं होतं. बायकांसाठी पदकाची ही पहिलीच वेळ. कॅनडातून जायचं कुणी, हे ठरवणारी निवड स्पर्धा १९९७ च्या नोव्हेंबरात ब्रँडनलाच भरली. आणि सँड्राची पहिली मुलगी जन्मली होती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात!

बायांनो, हिशेब करा. बाळ दोन-अडीच महिन्यांचं. आपल्याकडे बाळंतिणीला त्या दिवसांत शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि डोक्याला रुमाल. ही बाई बर्फावर गुडघा टेकून अठरा किलोचा दगड सोडतेय. चूक-बरोबर मी म्हणत नाही, नुसतं आश्चर्य सांगते.

अंतिम सामना कॅल्गरीच्या शॅनन क्लाइब्रिंकच्या संघाशी होता. त्यातला एक फटका कॅनडातली माणसं अजून सांगतात. मधल्या जागेवर प्रतिपक्षाचा दगड बसलेला आणि त्याच्याकडे जायचा सरळ रस्ता बंद. बाजूला दूर एक दगड होता. सँड्राने ठरवलं, त्या बाजूच्या दगडाच्या कडेला आपला दगड घासून आत वळवायचा आणि मधला उडवायचा. कॅरममध्ये आपण एका सोंगटीवरून दुसरी मारतो ना, तसं. पण इथे अंतर शंभर फुटांच्या वर. मी ती फीत चार वेळा पाहिली. दगड निघतो, दोघी ब्रश घेऊन धावतात, बाजूचा दगड टिक करून हलतो, हिचा दगड आत सरकतो आणि मधला जागेवरून नाहीसा. तीन गुण! तिथून सामना फिरला आणि नागानोचं तिकीट नक्की झालं.

ऑलिंपिकमधलं कर्लिंग कारुइझावा नावाच्या गावी झालं. पाचवी राखीव खेळाडू अटीना फोर्ड आणि प्रशिक्षक अ‍ॅनिटा फोर्ड, तिची आई. आईने शिकवायचं आणि लेकीने गरज पडली तर खेळायचं, असा घरचाच मामला. साखळीत कॅनडाने सातपैकी सहा सामने जिंकले. उपांत्य सामना मात्र ब्रिटनशी बरोबरीत अडकला आणि जादा डावात ६-५ असा सुटला. १५ फेब्रुवारी १९९८ ला अंतिम सामना डेन्मार्कशी. पहिल्याच डावात कॅनडाला तीन गुण मिळाले आणि शेवटी ७-५ असं सुवर्णपदक. हरलेल्या डेन्मार्कच्या मुलींचीही कथा छान आहे बरं का. त्यांचं रौप्य हे त्यांच्या देशाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलंच पदक. त्यामुळे त्या दिवशी रडल्या सगळ्याच, पण आनंदाने.

आणि नंतर? तर लगेच घरी. त्याच महिन्यात रेजायनाला राष्ट्रीय स्पर्धा होती, त्यात या पुन्हा उतरल्या. या वेळी जिंकल्या नाहीत. विजेतेपद अल्बर्टाच्या कॅथी बोर्स्टच्या संघाला गेलं. सुवर्णपदक मिळालं म्हणून कुणी बर्फ सोपा करून देत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, छान झालं, बाई यशस्वी झाली, आता गोष्ट संपवा. मलाही संपवायची होती. पण इतिहास आपल्या सोयीने थांबत नाही.

१९९९ च्या जूनमध्ये तिला दुसरी मुलगी झाली आणि त्या उन्हाळ्यातच तिला कॅन्सर असल्याचं निदान झालं. उपचार झाले, त्यांचा त्रास झाला. २००० च्या फेब्रुवारीत ती मॉन्क्टनला गेली, मुलामुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दूरदर्शनवर समालोचन करायला. तिथे ती पत्रकारांशी बोलली. अंगात ताकद नव्हती, पण तिने घरच्यांविषयी सांगितलं आणि पुन्हा खेळायची आशा बोलून दाखवली. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ मार्च २००० ला, रेजायनात ती गेली. वय ३६. थोरली अडीच वर्षांची आणि धाकटी आठ महिन्यांची.

तिचा अंत्यविधी देशभर दूरदर्शनवर दाखवला. त्याच वेळी सस्कॅटूनला पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. तिथल्या प्रेक्षकांना अंत्यविधी बघता यावा म्हणून खेळ उशिरा सुरू केला. हजारो माणसं बर्फाच्या भोवती बसून गप्प! आमच्या शेजारच्या आजीबाई (वय ८१, अजून कर्लिंग खेळतात!) हे सांगताना थांबल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिची यांची ओळख नव्हती. फक्त आपल्याच प्रांतातली मुलगी.

२००१ साली तिच्या नावाने एक प्रतिष्ठान सुरू झालं. ते अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी जन्मलेल्या बाळांसाठी काम करतं. कॅनडातल्या इस्पितळांना त्या बाळांसाठी लागणारी यंत्रं घ्यायला पैसे देतं. बायकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या टप्प्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा पुरस्कारही तिच्या नावाचा आहे. आणि ते पोहण्याचं केंद्र, जिथून माझी ही सगळी शोधाशोध सुरू झाली.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात तुझं काय? उणे तीसमधली परदेशी बाई आणि कराडकडची निवृत्त मास्तरीण, यांचा काय संबंध?

सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. घरच्यांनाही अर्धवटच ठाऊक आहे.

मी खो-खो खेळायची. हसू नका. आजची माझी चाल बघून विश्वास बसणार नाही, पण शाळेत आणि पुढे कॉलेजात मी संघात होते. मैदानावर नऊ जणी. परकर-पोलक्यातून मैदानात उतरलेल्या आम्ही आठवीपासून एकत्र होतो. संध्याकाळी शाळेच्या मागच्या मैदानात, पायात काही नाही, गुडघे कायम फुटलेले. आमची कॅप्टन खांबापाशी अशी गिरकी घ्यायची की धूळ उडालेली दिसायची, ती दिसायची नाही. घरी बोलणी खायचो, "लग्न कोण करील असल्या गुडघ्यांशी!"

१९६६ साली आम्ही विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचलो आणि एका गुणाने हरलो. शेवटची धावणारी टप्प्यात होती. मी खो द्यायला क्षणभर उशीर केला. किती? डोळ्याची पापणी लवते तितका. ती निसटली आणि शिट्टी वाजली. येताना एस.टी.त कुणीच काही बोललं नाही. कॅप्टन माझ्या शेजारी बसली होती. तिने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. बस, तेवढंच.

मग मॅट्रिक, मग कॉलेज, मग एकेकीची लग्नं. माझं १९७२ मध्ये. नऊ जणी नऊ दिशांना. कुणी सोलापूर, कुणी मुंबई, कुणी थेट इंदूर. आणि बघा, आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव तर बदलतंच, आमच्यातल्या चौघींची पहिली नावंही बदलली. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनी मुलगी पुसली. पत्र घालायचं तर कुणाच्या नावाने? आणि सासरी पत्र आलं तर आधी वाचणार कोण? म्हणून घातलंच नाही. पहिली दोन वर्षं वाईट वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. शाळा, मुलं, सासूबाईंचं दुखणं, पेपर तपासणं... दिवस कुणासाठी रिकामे नव्हते.

आमची कॅप्टन गेल्याचं मला ती गेल्यावर दोन वर्षांनी कळलं. भाजी घेताना. माहेरच्या गावची एक बाई भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, "अगं, ती तुमच्यातली, ती पळायची ती, ती गेली की." मी मेथीची जुडी हातात धरून उभी. भाजीवाली म्हणाली, "घ्यायची का ठेवू?" मी घेतली. घरी आले, मेथी निवडली, भाजी केली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? घरात तिला कुणी ओळखतच नव्हतं.

तर मंडळी, त्या रेजायनाच्या बाकावर बसून मला जे बोचलं ते हे. सुवर्णपदकाचा हेवा नाही वाटला. आमच्यात कुणी जगज्जेती होणार नव्हती, तेवढी अक्कल मला आहे. हेवा वाटला तो चौघी एकत्र राहिल्याचा. लग्नं झाली, बाळंतपणं झाली, नोकऱ्या होत्या, आणि तरी दर हिवाळ्यात त्या चौघी एकाच बर्फावर. एकीचं बाळ लहान असेल तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं. तिच्या शेवटच्या महिन्यांतही त्या तिच्या होत्या. ती गेल्याचं त्यांना भाजीवालीपाशी कळलं नाही.

आणखी एक लक्षात आलं. सँड्राच्या नवऱ्याचं आडनाव इंग्लंड. पण इमारतीवर नाव आहे ते श्मर्लर, माहेरचं. (जोनने मात्र नवऱ्याचं आडनाव घेतलं, तेव्हा तिकडे सगळ्या तसंच करतात असं नाही.) ज्या नावाने खेळली त्याच नावाने लोकांना सापडते. मला माझ्या मैत्रिणी सापडत नव्हत्या.

यावर कुणी म्हणेल, तो देश वेगळा, तो काळ वेगळा. खरं आहे. त्या बायकांना घासायला ब्रश होते, बर्फ होता, शेड होती, घरून मोकळीक होती. आम्हाला यातलं थोडंच होतं. पण सगळा दोष काळावर टाकायचा म्हणजे आपण सुटलो. नोकरी लागल्यावर पगार माझ्या हातात होता, पोस्ट शाळेच्या शेजारी होतं. १९८० नंतर मला कुणी अडवलं नव्हतं. मीच लिहिलं नाही. का? आता वाटतं, तो उशिरा दिलेला खो आड आला. भेटलो तर पहिली गोष्ट तीच निघेल ही भीती. वर्गात मुलांना सांगायचे, हरणं मनाला लावून घेऊ नका!

कर्लिंगमध्ये एक रिवाज आहे, मला फार आवडला. घासताना आपला ब्रश दगडाला चुकून लागला तर खेळाडूने स्वतःच सांगायचं. पंचाने बघितलं नसलं तरी. लपवलं तर सामना जिंकाल, पण पुन्हा कुणी तुमच्याशी मनापासून खेळणार नाही. सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना काहीतरी प्यायला द्यायचं आणि एका टेबलाशी बसायचं. म्हणजे चूक सांगायची आणि मग बसून गप्पा मारायच्या. आम्ही चूक सांगितली नाही आणि गप्पाही मारल्या नाहीत.

परत आल्यावर मी कामाला लागले. माहेरच्या गावी भाच्याला पाठवलं, शाळेच्या जुन्या रजिस्टरमधून माहेरची नावं काढली, कुणाच्या भावाचा, कुणाच्या दिराचा फोन नंबर मिळवला. नऊपैकी तिघी गेल्या. दोघींचा पत्ता अजून नाही. मी धरून चौघी सापडलो. चौघी! सँड्राच्या संघाइतक्याच.

इंदूरवालीला पहिला फोन मी केला. हात थरथरत होता. माहेरचं नाव सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, "खो उशिरा दिलास त्या दिवशी."

अठ्ठावन्न वर्षांनी हे पहिलं वाक्य!

मी म्हटलं, "हो. माझीच चूक." आणि दोघी जे हसत सुटलो, की तिची सून घाबरून बघायला आली म्हणे. मग ती म्हणाली, कॅप्टनची आणि तिची एकदा पंढरपूरला गाठ पडली होती, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. मी अधीर होऊन विचारलं, त्या सामन्याचं काही बोलली का? "नाही गं," ती म्हणाली, "तुझा पत्ता विचारत होती. मला तरी कुठे माहीत होता!"

यापुढे मला काही लिहिता येत नव्हतं, म्हणून तर हा लेख इतके महिने अडला.

गेल्या वर्षी जानेवारीत नव्हे, त्याच्या आदल्या... थांबा, नीट लिहिते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि त्यांची कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तो सामना आम्ही चौघींनी चार गावांत बसून फोनवर बोलत बोलत बघितला. मॅटवर खेळतात आता, पायात बूट, अंगावर नाव छापलेला शर्ट. सोलापूरवाली म्हणाली, "या पोरींना म्हणावं, एकमेकींचे नंबर लिहून ठेवा." तिचं सगळ्यांना पटलं.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणाची आई, आजी, आत्या १९६०-७० च्या सुमारास कराड-सांगलीकडे खो-खो खेळलेली असेल तर तिला माहेरचं नाव विचारा आणि मला कळवा. आमच्या अजून दोघी सापडायच्या आहेत.

आणि नात आता तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. पुढच्या हिवाळ्यात तिला कर्लिंगला घालणार आहेत. मी फोनवर "हरी! हरी!" करून दाखवलं तर म्हणते, "आजी, तू देवाचं म्हणतेस का खेळाचं?" म्हटलं, दोन्ही.